रानवाटेचे वाटाडे : सलीम अली

अरण्यात प्रथमच पाऊल टाकणाऱ्या माणसास सभोवार केवळ झाडे दिसतात. पक्ष्यांचे आवाज त्याच्या कानांवर पडतात. परंतु कोणता आवाज कोणाचा, हे त्यास उमगत नाही. पानांच्या दाटीत काहीतरी हलते आणि पाहता पाहता नाहीसे होते. तासभर हिंडून तो काहीशा निराश मनाने परततो. त्याच वाटेने एखादा जाणता मनुष्य गेला, तर त्यास वडाच्या शेंड्यावर टुक टुक करीत बसलेला तांबट दिसतो. वठलेल्या खोडावर चोच आपटणारा सुतार पक्षी दिसतो. आणि ओढ्याकाठच्या गर्द सावलीतून येणारी गोड शीळ कस्तुराची आहे, हे तो न पाहताही ओळखतो. वाट तीच, झाडे तीच, पक्षीही तेच; भेद असतो तो पाहणाऱ्याच्या दृष्टीचा. ही दृष्टी भारतातील सामान्य माणसास लाभावी, म्हणून ज्यांनी आपले दीर्घ आयुष्य वेचले, ते थोर पक्षिशास्त्रज्ञ म्हणजे सलीम अली.

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. सर्व भावंडांत ते धाकटे. ते एक वर्षाचे असताना त्यांचे वडील वारले आणि तीन वर्षांचे असताना आईही गेली. पोरक्या झालेल्या या बालकाचा सांभाळ त्यांचे मामा अमीरुद्दीन तय्यबजी व मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतील आपल्या घरी केला. या दांपत्यास मूलबाळ नव्हते. त्यांनी पोरक्या मुलांना पोटच्या मुलांसारखी माया लावली.

मामा शिकारीचे शौकीन होते. त्या काळी शिकार हे मर्दुमकीचे लक्षण समजले जाई. शिकारीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या सलीमलाही आपण मोठा शिकारी व्हावे, असे वाटे. त्याच्या हाती एक हवेची बंदूक आली आणि चिमण्या टिपणे हा त्याचा छंद होऊन बसला. एकदा तबेल्यातील एका घरट्यावर त्याने नेम धरला. मादी आत अंडी उबवीत होती व नर बाहेर राखण करीत बसला होता. सलीमने नर टिपला. थोड्याच वेळात मादीने दुसरा जोडीदार मिळविला. सलीमने तोही टिपला. असे सात दिवसांत आठ नर त्याच्या छऱ्यांना बळी पडले. आणि दर वेळी त्या मादीच्या घरट्यापाशी नवा नर येऊन बसला. हा खेळ क्रूरच होता. तथापि इतर मुलांहून सलीम एका बाबतीत निराळा होता. जे पाहिले, ते त्याने वहीत लिहून ठेवले. त्या बालवयातील टिपणात पुढच्या शास्त्रज्ञाचे बीज होते.

एके दिवशी त्याने टिपलेली एक चिमणी नेहमीच्या चिमण्यांसारखी नव्हती. तिच्या गळ्यावर हळदीचा डाग पडावा तसा पिवळा ठिपका होता. असा अनोळखी पक्षी खाणे आपल्या धर्मास चालेल की नाही, अशी शंका त्याच्या मनात आली. म्हणून तो तिला घेऊन मामांकडे गेला. मामांनाही तिची ओळख पटेना. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या १८८३ साली स्थापन झालेल्या निसर्गाभ्यासी संस्थेचे सभासद होते. त्यांनी संस्थेचे चिटणीस मिलार्ड यांच्या नावे चिठ्ठी दिली व सलीमला त्यांच्याकडे धाडले.

मेलेली चिमणी कागदात गुंडाळून तो मुलगा मोठ्या संकोचाने संस्थेच्या पायऱ्या चढला. इंग्रज साहेबासमोर उभे राहण्याचा त्याचा तो पहिलाच प्रसंग. परंतु मिलार्ड मोठे प्रेमळ गृहस्थ होते. ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी आहे, हे त्यांनी पाहताक्षणी ओळखले आणि पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांची कपाटे त्या मुलास उघडून दाखविली. एकामागून एक कप्पा उघडत गेला व भारतात किती नाना प्रकारचे पक्षी आहेत, हे पाहून सलीम थक्क झाला. मिलार्ड यांनी त्याला पुस्तके वाचावयास दिली. एका शाळकरी मुलाच्या प्रश्नास एका मोठ्या माणसाने आस्थेने उत्तर दिले, त्यातून एका जीवनाची दिशा ठरली.

शाळेत मात्र सलीमची गती बेताचीच होती. डोकेदुखीच्या विकारामुळे अभ्यासात खंड पडे. १९१३ साली ते मॅट्रिकची परीक्षा कसेबसे उत्तीर्ण झाले. महाविद्यालयातील गणित व तर्कशास्त्र यांना कंटाळून त्यांनी शिक्षण सोडले आणि घरच्या खाणीचा व लाकडाचा व्यवसाय पाहण्यासाठी ते ब्रह्मदेशातील तव्हॉय येथे गेले. तव्हॉयच्या आसपास घनदाट अरण्ये होती. धंद्याचे हिशेब पाहावयाचे सोडून या तरुणाचे चित्त पक्ष्यांच्या मागे धावू लागले. धंद्यात यश आले नाही. पण रानवाटांनी त्यांना जे शिकविले, ते कोणत्याही वर्गात मिळाले नसते.

मुंबईस परतल्यावर त्यांनी सेंट झेवियर्स महाविद्यालयात प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. डिसेंबर १९१८ मध्ये त्यांचा विवाह तेहमिना बेगम यांच्याशी झाला. पक्ष्यांच्या अभ्यासावर निर्वाह चालावा, अशी त्यांची इच्छा होती. परंतु विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे सरकारी पक्षिशास्त्रज्ञाची जागा त्यांना मिळू शकली नाही.

अखेरीस १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, त्यांना काम मिळाले. तेथे निसर्गविभाग नव्यानेच उघडला होता. येणाऱ्या प्रेक्षकांस तो विभाग दाखवावा व समजावून द्यावा, असे त्या कामाचे स्वरूप होते. वेतन होते दरमहा साडेतीनशे रुपये. काचेआड मांडलेले पक्षी शाळांतील मुले कुतूहलाने पाहत आणि सलीम अली त्यांना त्यांच्या सवयी सांगत. लोकांना पक्षी पाहावयास शिकविण्याच्या त्यांच्या कार्याचा येथे आरंभ झाला. परंतु काचेआडचा पक्षी गात नाही, उडत नाही, की घरटे बांधीत नाही. पक्ष्याचे खरे चरित्र अरण्यातच उलगडते, हे ते जाणून होते.

योगायोग असा की, याच सुमारास, १९२५ साली, अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या रानात फ्रँक लुट्झ नावाच्या शास्त्रज्ञांनी एक अभिनव प्रयोग केला होता. त्यांनी रानातून दोन वाटा आखल्या. एका वाटेवर झाडे, कीटक इत्यादींची माहिती देणाऱ्या चिठ्ठ्या जागोजाग लावल्या. दुसऱ्या वाटेवर मात्र केवळ प्रश्न लिहिले. पहिल्या वाटेवर शिकावे आणि दुसऱ्या वाटेवर आपली परीक्षा आपणच घ्यावी, अशी ती योजना होती. सलीम अलींचा या प्रयोगाशी काही संबंध नव्हता. पण संग्रहालयाच्या भिंतींबाहेर जाऊन निसर्ग स्वतःच्या डोळ्यांनी वाचावा, हा विचार दोन दूरच्या देशांत एकाच काळी अंकुरत होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

अधिक शिक्षणासाठी सलीम अली १९२८ साली जर्मनीस गेले. बर्लिनच्या संग्रहालयात प्रसिद्ध पक्षिशास्त्रज्ञ एर्विन स्ट्रेझमान यांच्या हाताखाली त्यांनी शास्त्रशुद्ध अभ्यासाची पद्धत आत्मसात केली. पक्ष्यांच्या पायांत कडी घालून त्यांच्या प्रवासाचा माग कसा काढावा, हेही ते तेथे शिकले. मोठ्या उमेदीने ते १९३० साली मायदेशी परतले. पाहतात तो पैशाच्या टंचाईमुळे संग्रहालयातील त्यांची जागाच रद्द झालेली! हाताला काम नाही, पदवी नाही, वयाची चौतिशी जवळ आलेली. दुसरा एखादा मनुष्य अशा वेळी खचून गेला असता.

मुंबईतील खर्च झेपेना, म्हणून पतिपत्नी अलिबागजवळच्या किहीम या समुद्रकाठच्या गावी जाऊन राहिली. तेथे घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. सलीम अलींनी ती आपली प्रयोगशाळा मानली. दिवसामागून दिवस आडोशाला निश्चल बसून ते त्या पक्ष्यांचे व्यवहार न्याहाळीत व टिपून ठेवीत. सुगरण हे नाव स्त्रीलिंगी खरे. पण झाडाला लोंबणारा तो सुबक खोपा विणतो नर. गवताच्या पात्या चिरून आणाव्या, फांदीला गाठी माराव्या आणि धाग्यात धागा गुंतवावा, असे त्याचे काम अव्याहत चालते. खोपा अर्धा विणून झाला की माद्या येतात, आत शिरून पाहतात, आणि पसंत पडला तरच एखादी तेथे संसार मांडते. मग नर तो खोपा पुरा करतो; आणि मादी अंड्यांवर बसली की जवळच दुसरा खोपा विणावयास घेतो व नव्या मादीची वाट पाहतो. हजारो लोकांच्या नजरेसमोर वर्षानुवर्षे घडत असलेली ही गोष्ट पूर्वी कोणी इतक्या बारकाईने टिपली नव्हती. १९३१ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि सलीम अलींचे नाव जगातील पक्षिशास्त्रज्ञांस ठाऊक झाले. ज्या दिवसांत नोकरी नव्हती, त्याच दिवसांनी त्यांना कीर्ती दिली.

त्यानंतर त्यांनी एक धाडसी योजना आखली. भारतातील अनेक संस्थानांत कोणते पक्षी आहेत, याची पद्धतशीर पाहणी झालेलीच नव्हती. केवळ छावणीचा व प्रवासाचा खर्च संस्थानांनी द्यावा, आपण मेहनताना न घेता पाहणी करू, असा त्यांचा प्रस्ताव होता. या योजनेनुसार हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ, म्हैसूर अशा अनेक संस्थानांतील राने त्यांनी पायांखाली घातली. बैलगाडी, तंबू, कंदील व टिपणवही एवढाच त्यांचा संसार. सुखवस्तू घरात वाढलेल्या तेहमिना बेगम यांनीही हे वनवासी जीवन आनंदाने पत्करले. त्या काळी शास्त्रीय ओळख पटविण्यासाठी काही पक्षी मारून त्यांचे नमुने जतन करावे लागत व सलीम अलींनीही ते केले. परंतु आता बंदूक हे खेळणे राहिले नव्हते. मौजेखातर पक्षी मारणे त्यांना सहन होत नसे. १९३९ साली एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर तेहमिना बेगम अचानक निवर्तल्या. हा आघात फार मोठा होता. त्यानंतर ते बहीण व मेहुणे यांच्या घरी राहू लागले आणि त्यांनी स्वतःस कामात बुडवून घेतले.

१९४१ साली त्यांचा द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पक्ष्यांवरील पूर्वीचे ग्रंथ बहुधा पंडितांसाठी लिहिलेले असत. हे पुस्तक शाळकरी मुलासही कळावे, असे होते. प्रत्येक पक्ष्याचे रंगीत चित्र, त्याचा आकार, रंग, वसतिस्थान, आवाज, घरटे आणि सवयी यांचे थोडक्यात व सुबोध वर्णन त्यात होते. आकार सांगताना चिमणी, बुलबुल, मैना, कावळा अशा नित्य परिचयाच्या पक्ष्यांशी तुलना केलेली असे. त्यामुळे अनोळखी पक्षी परिचयाच्या पक्ष्यांच्या साह्याने ओळखता येई. पुस्तकाच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. लईक फतेहअली यांच्यासह त्यांनी लिहिलेले सर्वसामान्य पक्ष्यांवरील पुस्तक १९६७ साली निघाले व ते अनेक भारतीय भाषांत पोहोचले. एक जाणता सोबती जणू प्रत्येक वाचकाबरोबर रानात चालू लागला.

अभ्यासाच्या बाबतीत सलीम अली अतिशय काटेकोर होते. पहाटे रान जागे होण्यापूर्वी निघावे, पाहिलेले त्याच दिवशी लिहावे आणि खात्री नसलेली गोष्ट खरी म्हणून सांगू नये, अशी त्यांची शिस्त असे. हिमालयातील एक दुर्मीळ पहाडी लावा त्यांनी पुष्कळ शोधला. तो मिळाला नाही. मात्र नाहीशी झाली असे मानलेली फिन यांच्या नावाने ओळखली जाणारी सुगरण १९५९ साली त्यांना कुमाऊँच्या तराईत पुन्हा आढळली. याच गंभीर माणसास मोटारसायकलीचे विलक्षण वेड होते. १९५० साली स्वीडनमधील उप्साला येथे पक्षिशास्त्रज्ञांची जागतिक परिषद भरली. त्या परिषदेसाठी युरोपात जाताना त्यांनी आपली सनबीम मोटारसायकल बरोबर नेली होती. त्या वेळी ते चौपन्न वर्षांचे होत आले होते!

पक्षी ओळखणे ही पहिली पायरी. त्यांचे रक्षण करणे ही पुढची. राजस्थानातील भरतपूरची पाणथळ भूमी पूर्वी संस्थानिकांचे शिकारीचे रान होते. १९३८ साली तेथे एका दिवसात चार हजारांहून अधिक पक्षी मारले गेले. त्याच जागी पक्ष्यांना अभय मिळावे, म्हणून सलीम अलींनी सतत प्रयत्न केले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे हजारो पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्यात आली व ते किती दूरदेशींहून येतात, हे उजेडात आले. १९८२ साली भरतपूरचे केवलादेव राष्ट्रीय उद्यान झाले. केरळातील सायलेंट व्हॅलीचे सदाहरित अरण्य धरणाखाली जाऊ नये, म्हणून झालेल्या चळवळीसही त्यांनी बळ दिले; तेही अरण्य वाचले आणि १९८४ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले.

भरतपुरातील एका गोष्टीचा येथे उल्लेख केला पाहिजे. म्हशींच्या चराईने पक्ष्यांना उपद्रव होतो, असे सलीम अलींचे मत होते. उद्यानात चराईस बंदी झाली. त्यामुळे आसपासचे गावकरी संतप्त झाले. गोळीबार होऊन काही माणसे प्राणास मुकली. पुढे सलीम अलींच्याच संस्थेने अनेक वर्षे अभ्यास केला, तेव्हा असे दिसून आले की, म्हशी नसल्यामुळे गवत व पाणतण माजून पाणपक्ष्यांची जागा आक्रसली होती. थोर शास्त्रज्ञाचा तर्कही चुकू शकतो. निसर्गाचे उत्तर तर्काने नव्हे, तर निरीक्षणाने मिळते; आणि हेच तर सलीम अलींनी जन्मभर शिकविले होते.

अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ डिलन रिप्ली यांच्यासमवेत त्यांनी भारतीय उपखंडातील पक्ष्यांवरील दहा खंडांचा महाग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात पूर्ण केला. त्या वेळी ते पंचाहत्तरी ओलांडून पुढे गेले होते. १९५८ साली त्यांना पद्मभूषण व १९७६ साली पद्मविभूषण हे किताब मिळाले. त्याच वर्षी मिळालेल्या आंतरराष्ट्रीय पुरस्काराची पन्नास हजार डॉलरची रक्कम त्यांनी स्वतःसाठी न ठेवता निसर्गरक्षणाच्या निधीस दिली. १९८५ साली राज्यसभेवर त्यांची नियुक्ती झाली. २० जून १९८७ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले.

आज त्यांची स्मृती अनेक रानवाटांनी जपली आहे. केरळात पेरियार नदीकाठी तट्टेकाड येथे १९३३ च्या पाहणीत त्यांना पक्ष्यांची समृद्धी आढळली होती. तेथे १९८३ साली अभयारण्य झाले व त्यास त्यांचे नाव मिळाले. गोव्यात मांडवी नदीतील चोडण बेटावर त्यांच्या नावाचे अभयारण्य आहे. तेथे कांदळवनातून पायवाट जाते आणि खंड्या व बगळे सहज दृष्टीस पडतात. मुंबईत गोरेगाव येथे त्यांच्या संस्थेचे निसर्गशिक्षण केंद्र आहे; तेथील वनवाटांवरून जाणकारांच्या संगतीने पक्षी पाहता येतात.

चांगली निसर्गवाट प्रवाशास सारे काही आयते सांगत नाही. ती त्याला थांबविते, कान देण्यास लावते आणि प्रश्न विचारते. समोरच्या झाडात किती आवाज ऐकू येतात? हे भोक कोणत्या चोचीने पाडले असेल? हा पक्षी जमिनीवर चरतो की शेंड्यावर? फलक प्रश्न विचारतो. उत्तर मात्र रानात शोधावे लागते. अशा वाटेवर जाणाऱ्याने भडक कपडे घालू नयेत, गलका करू नये, घरट्यास हात लावू नये. हाती एक लहानशी वही असावी. ज्याचे नाव ठाऊक नाही, त्याचा आकार, रंग व वेळ तीत लिहून ठेवावी आणि घरी आल्यावर पुस्तकात वा जाणत्या माणसापाशी त्याचा शोध घ्यावा. शेतातील कोतवाल, कुंपणावरचा दयाळ व विहिरीवर लोंबणारा सुगरणीचा खोपा यांपासूनही हा अभ्यास सुरू करता येतो. त्यासाठी पदवी लागत नाही; न कंटाळता पाहण्याची तयारी मात्र लागते.